जुन्या लेथच्या पार्टांचा गंज बादलीत कसा काढायचा: इलेक्ट्रोलिसिस पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

भंगारातून नाहीतर बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुना लेथ (धातूचा तुकडा गोल फिरवून कापायचं मशीन), शेपर, ड्रिल मशीन, बेंच व्हाइस घेणारे आता बरेच लोक आहेत आणि ते चांगलंच आहे, हरिहरच्या किर्लोस्करचे लेथ काय, एचएमटी काय किंवा बटाल्याची साधी मशीनं काय, त्यातलं बीड म्हणजे ओतीव लोखंड अजून पन्नास वर्षं काम देईल असं असतं. पण मशीन घरी आलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर अँगल ग्राइंडरला वायरचा कप ब्रश नाहीतर फ्लॅप डिस्क लावून सगळं चकचकीत करायला घेतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. डायलवरची बारीक आखणी, चकच्या म्हणजे काम पकडणाऱ्या भागाच्या तोंडावरच्या रिंगा, स्लाइडच्या धारदार कडा, कंपनीचा कोरलेला नंबर, हे सगळं गंजाबरोबर उडतं आणि एकदा उडालं की परत येत नाही.

इलेक्ट्रोलिसिसचा, म्हणजे पाण्यातून करंट सोडून गंज काढण्याचा फायदा हाच की यात फक्त गंज जातो, चांगलं लोखंड जागेवर राहतं. ग्राइंडरला गंज कुठे संपला आणि धातू कुठे सुरू झाला ते कळत नाही, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वात पार्ट विसरलात तर ॲसिड गंज संपल्यावर लोखंड खायला लागतं, इथे मात्र पार्ट रात्रभर जास्त राहिला तरी काही बिघडत नाही. म्हणून नवीन माणसाला मी हीच पद्धत आधी सांगतो.

नेमकं होतं काय

पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकायचा म्हणजे त्यातून करंट जातो. गंजलेला पार्ट निगेटिव्हला, एखादा फालतू लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला, दोन्ही पाण्यात, एकमेकांना न चिकटता. १२ व्होल्ट डीसी दिलं की पार्टच्या अंगावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे यायला लागतात आणि समोरच्या तुकड्यावर ऑक्सिजन. पार्टवरचा लाल गंज हळूहळू काळ्या, भुसभुशीत थरात बदलतो, त्या थराची धातूवरची पकड सुटते, खालून येणारे बुडबुडे त्याला ढकलत राहतात. बरेच जण समजतात की गंजाचं परत लोखंड होऊन खड्डे भरून निघतात, तसं होत नाही, गंजाने जेवढं खाल्लं तेवढं गेलं. खड्डा राहणार, पण स्वच्छ खड्डा राहणार.

समुद्रातून वर काढलेल्या जुन्या लोखंडी तोफा आणि जहाजांचे भाग जपायला म्युझियमवालेसुद्धा हीच पद्धत वापरतात, कारण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड लोखंडाच्या आत जाऊन बसतं आणि वरून कितीही घासलं तरी गंज परत फुटतो, इलेक्ट्रोलिसिसमध्ये ते बरंचसं बाहेर ओढलं जातं. कोकणात नाहीतर मुंबईत समुद्राच्या वाऱ्यात पडून राहिलेल्या मशीनला याचा खरा उपयोग आहे.

सामान

प्लास्टिकची बादली, टब किंवा कापलेला निळा ड्रम. लोखंडी टाकी नको. लांब पार्ट असेल, लीडस्क्रू (लेथचा लांब आट्यांचा रॉड) वगैरे, तर फळ्यांची चौकट करून त्यात जाड प्लास्टिकची ताडपत्री अंथरली तरी काम होतं, किंवा पीव्हीसी पाइपचं एक टोक कॅपने बंद करून उभा धरायचा.

धुण्याचा सोडा किराणा दुकानात सुटा मिळतो. प्रमाण १ लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या बादलीला १०० ग्रॅम, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, पण जास्त टाकला म्हणजे जास्त लवकर होईल असं मात्र नाही. धुण्याचा सोडा नसेल तर खाण्याच्या सोड्यावरही काम होतं, जरा सावकाश. दोन गोष्टी अजिबात टाकायच्या नाहीत. एक मीठ, कारण मिठातून पॉझिटिव्हच्या बाजूला क्लोरीन वायू निघतो आणि वर तेच क्लोराइड पार्टला चिकटून राहून पुन्हा गंज आणतं. दुसरं कॉस्टिक सोडा, तो कातडी आणि डोळे जाळतो, आपल्या कामाला त्याची गरजच नाही. किराणा दुकानात "सोडा द्या" एवढंच म्हणू नका, कुठला ते नीट सांगा.

पॉझिटिव्हसाठी लागणारा तुकडा साधा एमएस (माइल्ड स्टील, नेहमीचं साधं लोखंड) पाहिजे. एमएस पट्टी, पत्र्याचे तुकडे, सळई, फॅब्रिकेशनच्या दुकानात कटपीस पडलेले असतात त्यातले घ्या. आता हे नीट वाचा: स्टेनलेस स्टील लावायचं नाही. तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल की स्टेनलेस लावा, ते झिजत नाही, साफ करावं लागत नाही, स्वयंपाकघरातला जुना चमचा लावला तरी चालतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, पॉझिटिव्हला लागल्यावर ते विरघळून पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम तयार होऊ शकतं, ते विषारी आहे, कॅन्सरला कारण होणारं आहे, आणि ते पाणी तुम्ही नंतर ओतणार कुठे? स्टेनलेस लावल्यावर पाणी पिवळट दिसायला लागलं तर ती त्याची खूण असू शकते. जीआय म्हणजे गॅल्वनाइज्ड पत्रा किंवा पाइपही नको, त्यातलं जस्त पाण्यात उतरतं. क्रोम प्लेटिंग केलेला रॉडही नको. साधं लोखंड स्वस्त आहे, ते झिजतं तर झिजू दे, तेच त्याचं काम आहे.

पॉवरसाठी सगळ्यात सोपा जुन्या पद्धतीचा १२ व्होल्टचा गाडीची बॅटरी चार्ज करायचा चार्जर, ज्यात ट्रान्सफॉर्मर आणि अँपियरचा काटा असतो. नवीन ऑटोमॅटिक चार्जर बऱ्याचदा चालूच होत नाहीत कारण समोर बॅटरी आहे का ते आधी बघतात, आणि इथे बॅटरी नसतेच. दुसरा पर्याय एलईडी पट्ट्यांसाठी येणारा १२ व्होल्ट १० अँपियरचा एसएमपीएस (२३० व्होल्टच्या लाइनवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय), मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो, फक्त त्याच्या २३० व्होल्टच्या पट्टीचे स्क्रू उघडे असतात त्यामुळे तो बॉक्समध्ये घालूनच वापरायचा आणि बादलीपासून लांब, बादलीच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा. करंट सेट करता येणारा बेंच सप्लाय असेल तर मग प्रश्नच नाही. डीसीच्या वायरमध्ये १० अँपियरचा फ्यूज टाका आणि प्लग आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर लावा. १२ व्होल्टने शॉक बसत नाही पण मागे २३० आहे आणि शेजारी पाण्याची बादली आहे, हे डोक्यात ठेवूनच काम करायचं.

काय टाकायचं नाही

बादली भरायच्या आधी पार्ट पूर्ण खोला. ॲल्युमिनियमचं काहीही सोड्याच्या पाण्यात गेलं की काळं पडतं आणि खाल्लं जातं, करंट असो वा नसो, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या पुली, नेमप्लेट, मूठ काढून ठेवा. मझाकचे (जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे) हँडल नि नॉबही तसेच. पितळेचे, गनमेटलचे बुश आणि नट काढता येत असतील तर काढा. बेअरिंग कधीही नाही. मोटरचा कुठलाही भाग नाही.

स्प्रिंग आणि कडक केलेले हाय टेन्साइल बोल्ट यांच्याबाबतीत जरा वेगळा धोका आहे. निघणारा हायड्रोजन थोडा स्टीलच्या आत शिरतो आणि खूप कडक स्टील त्यामुळे ठिसूळ होऊ शकतं, मग ताण आला की अचानक तुटतं. साध्या बिडाला आणि एमएसला याचा त्रास नाही. कडक पार्ट टाकायचाच असला तर बाहेर काढल्यावर लगेच, २०० डिग्रीच्या आसपास काही तास भाजून घेतात म्हणजे हायड्रोजन निघून जातो, पण ज्याच्यावर कोणाची बोटं किंवा डोळे अवलंबून आहेत असा बोल्ट मी तरी बादलीत टाकणार नाही, नवीन बोल्ट घेईन. स्प्रिंगला तेल आणि स्कॉच ब्राइट (घासायचं नायलॉनचं पॅड) पुरतं.

रंगाचंही लक्षात घ्या. पाण्याखाली गेलेला जुना रंग आणि त्याखाली भरलेली पुट्टी बऱ्याचदा सुटून येते. पूर्ण रंग काढायचाच असेल तर फुकटात काम झालं, पण मूळ रंग ठेवायचा असेल तर तो भाग बादलीत नकोच. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तो खरवडताना कोरडा घासू नका, ओलाच काढा.

आता काम सुरू

उदाहरणाला एक फोर जॉ चक (चार जबड्यांचा चक) धरू, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम येतात, खोल खाचा, आटे, अडकलेले जॉ.

आधी तेल आणि ग्रीस काढा. हे काम लोक टाळतात आणि मग म्हणतात की अर्धा पार्ट साफ झाला नि अर्धा तसाच राहिला. जिथे ग्रीस आहे तिथे पाणी पोचत नाही आणि करंटही नाही. डिझेल किंवा रॉकेलमध्ये ब्रशने घासा, कॉटन वेस्टने पुसा, मग भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धुवा. पाणी पार्टवर थेंब न होता सारखं पसरलं की समजायचं झालं. सुटलेली पोपडी, चिकटलेला धातूचा कीस स्क्रू ड्रायव्हरने पाडून टाका, तेवढं काम वाचतं.

मग एक जागा निवडा जिथे निगेटिव्हची वायर लावायची, शक्यतो दिसणार नाही अशी, मागच्या बाजूचं बोल्टचं भोक वगैरे. तिथे कानशीने किंवा एमरी पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या. गंज करंट नेत नाही, त्यामुळे गंजावर क्लिप लावून बसलात तर काहीच होणार नाही. मी भोकातून एक लांब बोल्ट घालून नटने आवळतो आणि बोल्टचं वरचं टोक पाण्याबाहेर ठेवून त्याला क्लिप लावतो, यात कनेक्शन घट्टही बसतं आणि चक त्याच बोल्टवर आडव्या लाकडाला टांगताही येतो. वेगवेगळे सुटे पार्ट एकदम टाकायचे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र वायर पाहिजे, नुसते एकमेकांना टेकवून ठेवून भागत नाही.

बादलीच्या कडेने आतून एमएसच्या तीन-चार पट्ट्या उभ्या करा, पार्टपासून ५ ते १० सेंटीमीटर लांब, आणि त्या सगळ्या वरच्या बाजूला एका वायरने जोडा. एकच पट्टी लावली तर जो भाग तिच्या समोर आहे तोच नीट साफ होतो, पाठीमागचा तसाच राहतो, मग पार्ट फिरवत बसावं लागतं. पॉझिटिव्हची क्लिप पाण्याबाहेरच पाहिजे, तांब्याची क्लिप पाण्यात गेली तर ती बघता बघता विरघळते आणि पाणी निळसर हिरवं होतं. पट्ट्या पार्टला टेकू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकची जाळी किंवा लाकडी पट्टी अडकवा.

आता लाल काळं. लाल म्हणजे पॉझिटिव्ह, ते भंगार पट्ट्यांना. काळं म्हणजे निगेटिव्ह, ते तुमच्या पार्टला. उलटं लावलं तर पट्टी चकचकीत होईल आणि तुमचा चक विरघळायला लागेल, आणि ही एकच चूक अशी आहे की जी दुरुस्त करता येत नाही. चायनीज एसएमपीएसला वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावून बघा. चालू केल्यावरही खात्री करता येते: पार्टच्या बाजूला बुडबुडे जास्त आणि दाट दिसले पाहिजेत, कारण पाण्यातून हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट निघतो. पार्टवर दुधाळ धुकं आल्यासारखं दिसलं आणि पट्ट्यांच्या बाजूने काही वेळाने तपकिरी फेस यायला लागला की बरोबर आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्या क्लिप आधी लावायच्या, मग प्लगचं बटण दाबायचं. काढतानाही आधी बटण बंद, मग क्लिप. चालू असताना क्लिप ओढली की ठिणगी पडते आणि वर हायड्रोजन असतो, हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. ५ अँपियरला तासाला जवळपास २ लिटर हायड्रोजन निघतो, उघड्या शेडमध्ये किंवा अंगणात तो उडून जातो, बंद बाथरूममध्ये साठतो. त्यामुळे बाहेर, पावसापासून आडोशाला, झाकण न लावता, आणि जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग, ग्राइंडिंग काही नको. लहान मुलं आणि मांजरं लांब ठेवा.

करंट किती? एका चकला ३ ते ६ अँपियर पुष्कळ. कमी असला तर वेळ जास्त लागतो एवढंच, खरं तर कमी करंटवर सावकाश केलेलं काम मला जास्त आवडतं, थर अलगद सुटतो. चार्जर गरम होत असेल किंवा काटा शेवटाला टेकत असेल तर पट्ट्या लांब सरकवा नाहीतर एखादी पट्टी उचलून घ्या. काटा हळूहळू खाली येत असेल तर पट्ट्यांवर मळ साचलाय, बंद करून पट्ट्या खरवडा, परत लावा. बादलीचं पाणी घाण नारिंगी होणार, वर फेसाचा थर येणार, घाबरू नका, पार्ट त्यात साफ होतोय.

हलका गंज चार-पाच तासांत सुटतो, जाड पोपडा असेल तर रात्रभर. मध्ये एकदा बंद करून पार्ट बाहेर काढा, नायलॉन ब्रशने घासा, पाण्याने धुवा, लाल काही उरलं असेल तर परत टाका. खोल आट्यांमध्ये आणि जॉच्या खाचेत करंट कमी पोचतो, कारण तो जवळच्या बाहेरच्या भागावर आधी जातो, त्यामुळे आतलं काम शेवटी होतं. अडकलेले जॉ याच टप्प्यावर बऱ्याचदा सुटतात, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा धरतो आणि त्यानेच जॉ आवळून बसलेले असतात, तो थर मोकळा झाला की चावी लावून मागे-पुढे, मागे-पुढे थोडं थोडं हलवत राहायचं, पाइप लावून जोर करायचा नाही.

बाहेर काढल्यावरचा अर्धा तास

बादलीतून आलेला पार्ट काळा, मळकट दिसतो आणि नवीन माणूस निराश होतो. तो काळा थर बोटाने पुसला जातो. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने आणि थोड्या भांड्याच्या साबणाने घासा, खाचांसाठी पितळी तारांचा ब्रश घ्या, स्टीलचा नको. कंपाउंड स्लाइडचा (टूल पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाचा) डायल असा घासताना बघण्यासारखं असतं, आधी नुसती काळी रिंग, मग ब्रश दोनदा फिरला की एका बाजूने उभ्या रेघा दिसायला लागतात, पाचव्या रेघेला जरा लांब, दहाव्याला अजून लांब, आणि त्यावरचे ठोकलेले आकडे, एखादा किंचित तिरका, कारण तो कोणीतरी हाताने पंच मारलेला आहे. हे ग्राइंडरने कधीच मिळालं नसतं.

आणि इथून पुढे घाई. ओलं, तेल नसलेलं, नागडं लोखंड काही मिनिटांत पिवळं पडायला लागतं, पावसाळ्यात तर तुमच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे पार्ट काढायच्या आधीच गरम पाणी, कोरडी फडकी, हेअर ड्रायर किंवा हीट गन आणि तेल जवळ तयार ठेवा. शेवटचं धुणं चांगल्या गरम पाण्यात, म्हणजे पार्ट स्वतःच्या उष्णतेने वाळतो. लगेच पुसा, कॉम्प्रेसर असेल तर भोकांतलं पाणी उडवा, मग हीट गन फिरवा. कोमट असतानाच डब्ल्यूडी-४० सारखा पाणी बाहेर ढकलणारा स्प्रे मारा. पण तो काही कायमचा उपाय नाही, उडून जातो, त्यामुळे त्यावर ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल किंवा साधं मशीन तेल चोळा. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या पार्टला पातळ ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. गोणपाटात गुंडाळू नका, गोणपाट ओल धरून ठेवतं आणि तुमची सगळी मेहनत एका पावसात जाते.

रंग द्यायच्या भागाला अर्थातच तेल लावायचं नाही, तिथे वाळल्या वाळल्या प्रायमर मारा.

थोडं उरलेलं

सोडा संपत नाही, त्यामुळे तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं, आटलं की साधं पाणी घाला. फारच गढूळ झालं तर एक दिवस ठेवून वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा. साधं एमएस आणि सोडा वापरला असेल तर खाली बसतो तो लोखंडाचाच चिखल, तो कापडातून गाळून, वाळवून कचऱ्यात द्या, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. रंग सुटून आला असेल तर त्याचे पापुद्रे वेगळे गोळा करून बंद पिशवीत ठेवा.

लेथच्या बेडसाठी (ज्या लांब पायावर बाकीचे भाग सरकतात) मात्र ही पद्धत वापरू नका असंच मी सांगेन. एक तर एवढा टब कुठून आणणार, आणि बेडवर बहुतेक वेळा वरवरचाच गंज असतो. तिथे तेल टाकायचं, रात्रभर मुरू द्यायचं, दाढीच्या ब्लेडची पाती अगदी आडवी धरून खरवडायचं, मग स्कॉच ब्राइट आणि पुन्हा तेल. स्क्रेपिंगची नक्षी (पृष्ठभाग सपाट करताना हाताने खरवडल्याच्या खुणा) दिसत असेल तिथे एमरी पेपर अजिबात नको.

पहिल्यांदा करताना थेट चक नका टाकू. एखादा गंजलेला पाना किंवा जुन्या बाजारातला छोटा हँड व्हाइस घ्या, त्यावर पोलॅरिटी, बुडबुडे, करंट सगळं बघून घ्या, रात्री लावा नि सकाळी घासून बघा. मग चेंज गियर, मग टूल पोस्ट, मग चक. पट्टी झिजून पापडासारखी पातळ झाली की बदला, तेवढाच काय तो खर्च आहे.